टॉवेलची साक्ष, रुग्णाचा शब्द

आज मी एका कागदाची समीक्षा करणार आहे. कविता नाही, कादंबरी नाही. रुग्णहक्कांची सनद. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तिचा मसुदा केला, २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली, आणि २०२१ साली महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाल्यापासून आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांनी रुग्णांचे हक्क दर्शनी भागात लावायचे आहेत. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिले असतील. लिफ्टच्या शेजारी, गणपतीच्या तसबिरीखाली, काचेच्या फ्रेममध्ये. वाचले किती जणांनी? हात वर करू नका. रुग्णालयात माणूस वाचायलाच जातो, पण वेगळ्या अर्थाने. (हशा)

सनद चांगली आहे, हे आधी सांगतो. तिच्यात सतरा हक्क आहेत. माहितीचा हक्क, कागदपत्रांच्या प्रतींचा हक्क, तातडीच्या उपचाराचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा, औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं ते ठरवण्याचा. बिलावरून वाद असला तरी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही, हाही त्यात आहे. आता, प्रेत ताब्यात मिळणं हा हक्क म्हणून लिहून काढावा लागतो, यातच त्या कागदामागचा समाज दिसतो. पण ते असो. मला बोलायचंय ते सतराव्या हक्काबद्दल. आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा आणि तक्रारीचं निवारण होण्याचा हक्क. तो यादीत सर्वांत शेवटी आहे. शेवटी आहे म्हणून दुय्यम आहे असं मी म्हणत नाही, कुठला तरी हक्क शेवटी येणारच. त्यात म्हटलंय की रुग्णालयाने अंतर्गत तक्रार यंत्रणा ठेवावी आणि तक्रार आल्यापासून १५ दिवसांत निष्कर्ष लेखी कळवावा. वाचून बरं वाटतं.

पण त्याच कागदाच्या उत्तरार्धात रुग्णांच्या जबाबदाऱ्या आहेत, आणि त्यांतली पहिली मला जास्त बोलकी वाटते. तिचा आशय असा, की डॉक्टर जे विचारतील त्याच्या उत्तरात रुग्णाने सगळी आवश्यक माहिती द्यावी, काही लपवू नये. यात गैर काहीच नाही. पोटात कधीपासून दुखतंय, दारू घेता का, आधी कुठली गोळी चालू होती, हे खरं सांगायलाच हवं. तरी रचना बघा. विचारल्यावर रुग्ण बोलतो तेव्हा त्याचा शब्द इतका मोलाचा, की त्यावर निदान उभं राहतं. न विचारता बोलतो तेव्हा त्याच शब्दाला 'तक्रार' असं नाव पडतं, आणि मग तो शब्द स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरचं मत.

ज्ञानमीमांसेत या गोष्टीला नेमकी भाषा आहे. एडवर्ड क्रेग या इंग्रज तत्त्वज्ञाने १९९० च्या आपल्या पुस्तकात एक साधा भेद केला: माहिती देणारा माणूस आणि माहितीचा नुसता स्रोत. घामाने भिजलेला सदरा पाहून 'हा उन्हातून आलाय' असं मी ताडलं, तर तुम्ही माझ्या दृष्टीने स्रोत आहात. तुम्ही मला म्हणालात, 'बाहेर फार ऊन आहे हो', आणि मी ते मानलं, तर तुम्ही मला माहिती दिलीत. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली ज्ञानविषयक अन्यायावर जे पुस्तक लिहिलं, त्यात हा भेद नीतिशास्त्रात आणला. एखाद्याचा शब्द तो कोण आहे यावरून कमी लेखणं, हा त्याच्यावर जाणकार म्हणून झालेला अन्याय आहे, असं त्या म्हणतात. रुग्णालयात शिरल्यावर आपण सगळेच माहिती देणाऱ्याचे स्रोत होतो. रक्त बोलतं, एक्स-रे बोलतो, नाडी बोलते, आणि आपण बोललो की 'आजोबा, शांत पडून राहा'.

आपल्याकडे न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं. ज्याचा शब्द प्रमाण मानायचा तो आप्त. आप्त कोण? वात्स्यायनाचं भाष्य सांगतं, की ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे सांगतं की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. शतकानुशतकांपूर्वीच्या माणसाने हे लिहिलंय! पदवी नाही, अधिकारपद नाही. ती गोष्ट माहीत असणं आणि खरं सांगण्याची इच्छा. मग रात्रभर खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेली बाई, रात्री दोन वाजता बेल दाबली आणि चार वाजेपर्यंत कोणी आलं नाही, एवढ्या गोष्टीपुरती आप्त आहे की नाही?

आता न्यायालयाच्या दोन निकालांकडे जाऊ. दोन्ही महाराष्ट्रातले, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेले.

पहिला, जोशी विरुद्ध गोडबोले. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला टॅक्सीतून पुण्याला आणलं. भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून पाय ओढून प्लास्टर घातलं असा आरोप होता. त्याच दिवशी रात्री मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २ मे १९६८ चा. निष्काळजीपणा सिद्ध, नुकसानभरपाई ३००० रुपये. पंधरा वर्षं. हे वडील स्वतः डॉक्टर होते. भूल म्हणजे काय, मॉर्फिया किती, हाड ओढताना धक्का कसा बसतो, हे त्यांना कळत होतं. डॉक्टरांशी ते डॉक्टरांच्या भाषेत भांडू शकले.

दुसरा, खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. जुलै १९६३, तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. बाळंतपणानंतर एका बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, मग ताप, पोटदुखी, सूज. पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. बाई वाचली नाही. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पुन्हा कायम केले. तेहतीस वर्षं. न्यायालयाने इथे जे तत्त्व लावलं त्याचा अर्थ असा, की वस्तुस्थिती स्वतःच बोलते. पोटातला टॉवेल पाहिल्यावर तज्ज्ञाची साक्ष लागत नाही.

अगदी बरोबर निकाल. पण माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर इथे अडखळतो. ती बाई मरणापूर्वी बरेच दिवस त्या खाटेवर होती. काहीतरी चुकलंय, हे तिचं शरीर तिला सांगत असणार आणि ती जवळच्यांना सांगत असणार. या निकालातली निर्णायक साक्ष मात्र टॉवेलची आहे. आणि पहिल्या खटल्यात बाप डॉक्टर होता. कोलकात्याचं साहा प्रकरण आठवा. १९९८ सालचा मृत्यू, २०१३ साली सुमारे सहा कोटींची भरपाई, आणि लढणारा नवरा अमेरिकेतला डॉक्टर. तीन खटल्यांवरून मी नियम काढत नाही, तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने तो काढूही नये. पण विचारायला काय हरकत आहे, की ज्याच्या घरात डॉक्टर नाही आणि ज्याच्या पोटात टॉवेल नाही, त्याने काय दाखवायचं?

याचं उत्तर शोधताना एक गोष्ट वेगळी काढावी लागते, आणि आपल्या साऱ्या तक्रार यंत्रणांमध्ये नेमकी तीच कालवली जाते. रुग्णाला आणि त्याच्या माणसांना दोन तऱ्हेच्या गोष्टी सांगायच्या असतात. एक, काय घडलं: कोऱ्या संमतीपत्रकावर सही घेतली, ॲलर्जी आहे असं दोनदा सांगितलं तरी तेच इंजेक्शन दिलं, मोठे डॉक्टर तीन दिवस फिरकले नाहीत, केसपेपरवर मात्र रोजची भेट लिहिली आहे. हे प्रत्यक्ष आहे. दुसरी गोष्ट, त्यामुळे काय झालं: 'म्हणून आमचा माणूस गेला'. हे अनुमान आहे, आणि ते चुकू शकतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते. सगळी काळजी घेऊनही माणसं दगावतात, आणि शोकात असलेल्या घराला कारण हवं असतं. डॉक्टर मंडळींचं हे म्हणणं मी पूर्णपणे मान्य करतो.

पण होतं काय, की तक्रार आली की यंत्रणा रुग्णाला त्याच्या दुबळ्या बाजूवर खेचते. 'निष्काळजीपणामुळेच मृत्यू झाला हे सिद्ध करा.' ते त्याला येत नाही. मग पूर्ण तक्रार निकालात निघते, आणि जे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे दोन ते चार बेल वाजत होती, त्याची नोंदसुद्धा राहत नाही. उद्या त्याच वॉर्डात दुसऱ्या खाटेवरची बेल वाजेल. रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने खरं नुकसान हे आहे. भरपाई मिळाली की नाही, हा त्यामानाने लहान प्रश्न.

२००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, आणि खासगी फिर्याद घेण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत सोबत असलं पाहिजे. उठसूट डॉक्टरला पोलीस चौकीत बसवलं तर अवघड शस्त्रक्रिया कोणी हातातच घेणार नाही. हा विचार योग्य होता, आणि तो फौजदारी कायद्यापुरता होता. त्याची सावली मात्र प्रत्येक तक्रारीच्या टेबलावर पडलेली दिसते. साधी चौकशी करायला गेलं तरी पलीकडून येतं, 'तुम्ही डॉक्टर आहात का?'

बरं, दुसरा डॉक्टर मत देईल का? तोंडी देईल, हळू आवाजात, दार लोटून. 'जे झालं ते बरोबर नाही झालं हो, पण माझं नाव कुठे घेऊ नका.' लेखी मागितलं की चहा मागवतात. (हशा) हसू नका, त्या माणसाचीही अडचण आहे. त्याला त्याच गावात, त्याच संघटनेत राहायचंय, उद्या त्याच्याही हातून काही होऊ शकतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील?

आणि रुग्ण तरी कुठे कोरड्यावर असतो? तक्रार का होत नाही याची कारणं देताना लोक निरक्षरता, भीती, वेळखाऊ न्यायालयं अशी यादी करतात. खरी गाठ मला वेगळीकडे दिसते. माझी थोरली बहीण आमच्या शहरातल्या एका रुग्णालयात दाखल होती. सलाइन आउट झालं, हात कोपरापर्यंत सुजला. तिने तीनदा सांगितलं. उत्तर एकच, 'होतं असं आजी.' मी वहीचा कागद फाडून लिहायला बसलो तर ती म्हणाली, 'अरे, लिहू नकोस. मला अजून चार दिवस इथेच राहायचंय. सुई याच पोरी टोचणार आहेत.' ती शाळेत मुख्याध्यापिका होती, भित्री बाई नव्हे. तिने अचूक हिशेब केला होता. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याच्याबद्दल तक्रार करायची, आणि जीव त्याच्याच हातात ठेवायचा, हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही. घरी आल्यावर? घरी आल्यावर तिला फक्त झोपायचं होतं. माणूस दगावला असेल तर घरात दिवस असतात, दाखले काढायचे असतात. सनदेतले १५ दिवस तक्रार दिल्यापासून मोजतात. ती देण्याइतकं बळ यायला किती दिवस लागतात, ते कोण मोजणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच, की इथे आपलं तोंड आपणच दाबतो.

रुग्णाला जे कळतं ते शास्त्राला उशिरा कळलं, असं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते कार्ल हेम्पेलच्या १९६६ च्या पुस्तकातून शिकवलं जातं. व्हिएन्नाचं मोठं रुग्णालय, १८४० चं दशक. बाळंतिणींचे दोन विभाग. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका दुसऱ्याच्या कितीतरी पट. सेमेलवाइस एकेक तर्क तपासत गेला, आणि शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरच हातावरून रोग आणतात, हे १८४७ साली त्याच्या ध्यानात आलं. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू घसरले. वैज्ञानिक पद्धतीचा नमुना म्हणून आपण हे शिकतो, आणि नायक एकटा सेमेलवाइस. पण त्या शहरातल्या गरीब बायकांना काय माहीत होतं बघा. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही जणी मुद्दाम बाहेरच बाळंत होऊन, 'वाटेत झालं' असं सांगून येत. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुठला विभाग मारतो ते पक्कं ठाऊक होतं. हेम्पेलच्या मांडणीत वाटेत बाळंत होणाऱ्या बायका येतात, त्या एका तर्काच्या विरोधातला आकडा म्हणून. स्रोत म्हणून. त्या माहिती देत होत्या, रोज, रडून, दाराशी. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मग काय करता येईल? इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' नावाची व्यवस्था रुग्णालयांत आणली जाऊ लागली. तेरा वर्षांची मुलगी २०२१ साली रुग्णालयात जंतुसंसर्गाने दगावली, आईबाप तब्येत बिघडतेय म्हणून सांगत राहिले, त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. आता तिथे रुग्णाला किंवा घरच्यांना वाटलं की परिस्थिती ढासळतेय, तर ते चोवीस तासांत कधीही दुसऱ्या स्वतंत्र पथकाला बोलावू शकतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. मला यातली तात्त्विक बाजू भावते. घरच्यांचा शब्द इथे निकाल ठरत नाही. तो कोणालातरी उठून खाटेपर्यंत यायला लावतो, एवढंच. आप्ताचा शब्द ज्या गोष्टीपुरता प्रमाण आहे, त्या गोष्टीपुरता तो मानला, पुढचं काम जाणकारांनी करावं. आणि हे माणूस जिवंत असताना होतं. आपली सनद तक्रारीला झाल्या गोष्टीचं निवारण समजते. चालू असलेल्या चुकीची सूचना म्हणून तिच्याकडे बघण्याची जागाच त्या मसुद्यात नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हा आहे.

'आपल्याकडे मनुष्यबळ कुठे आहे?' हे मला ऐकू येतंय. खरं आहे. छत्तीस तास उभा असलेला निवासी डॉक्टर आणि पन्नास खाटांना एक सिस्टर, यांच्याकडून कसलं दुसरं पथक काढणार? चुकांचं मूळ व्यक्तीपेक्षा व्यवस्थेत असतं, हे अमेरिकेतल्या १९९९ च्या गाजलेल्या अहवालापासून जगभर मान्य आहे, आणि त्यामुळे डॉक्टर-नर्सना बळीचा बकरा करणं थोडं तरी कमी झालं. पण आपल्याकडे 'व्यवस्थेची चूक' याचा अर्थ कोणाचीच चूक नाही, असा होऊन बसलाय. व्यवस्था उत्तर द्यायला येत नाही. दारात उभा असतो तो शिकाऊ डॉक्टर, आणि शब्द ऐकला जात नाही म्हटल्यावर कोणीतरी त्याच्याच अंगावर धावून जातं. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. २०१० च्या आपल्या राज्याच्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती असायला हवी. पण एक बाजू कायद्याने इतकी चोख बांधली, तर दुसऱ्या बाजूला काचेची फ्रेम का?

ही विषमता वरपर्यंत जाते. राज्याच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरवर कारवाई केली तर डॉक्टरला वर अपील करता येतं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. परिषदेने तक्रार फेटाळली तर रुग्णाने कुठे जायचं, यावर ते कलम गप्प आहे. आधीच्या नियमांत 'कोणीही व्यथित व्यक्ती' असे शब्द २००४ पासून होते. एवढे दोन-तीन शब्द गळले! मजकुराची समीक्षा करणाऱ्याला अशा गळलेल्या शब्दांवर थांबावं लागतं. आणि ग्राहक न्यायालय? १९९५ च्या शांता खटल्यापासून ते डॉक्टरांना लागू आहे, पण जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत मिळतात ते रुग्णालय त्याच्या बाहेर. पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही ग्राहक नाही. सर्वांत गरीब माणूस दिवाणी दाव्याच्या लांबच्या रांगेत, तिथेच, जिथे तो टॉवेल तेहतीस वर्षं पडून होता.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो आणि थांबतो. 'सर, रुग्णालय केसपेपर देत नाही, काय करावं?' वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तोंडी मागू नका. साधा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याआधी, दाखल केल्या दिवसापासून एक छोटी वही उशाशी ठेवा. किती वाजता काय दिलं, कोण आलं, तुम्ही काय सांगितलं, ते काय म्हणाले. निदान लिहू नका, वेळ लिहा. पेन मात्र घरचं न्या, तिथलं दोरीला बांधलेलं असतं.